गाऱ्हाणें आणि उःशाप

(नभोवाणीवरील भाषण)

“देव बघून घेईल.” हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळां उच्चारलें जातें, कीं त्याचा अर्थ काय, हें आपण क्वचितच मनाशीं तपासून पाहतों. भाऊबंदानें रातोरात बांध सरकविला, विश्वासानें ठेवावयास दिलेला दागिना कोणीं नाकबूल केला, हातउसने नेलेले पैसे परत येईनात. साक्षीदार नाहीं, कागद नाहीं, वकिलाची पायरी चढण्याची ऐपत नाहीं. अशा वेळीं माणूस देवापुढें उभा राहतो. मात्र तेथें तो दोन प्रकारांनीं उभा राहूं शकतो. एक हात जोडून आणि दुसरा बोटें मोडून. हात जोडणारा न्याय मागतो आणि बोटें मोडणारा सूड मागतो, असें आपण सहज म्हणूं. परंतु दोघांचे शब्द पुष्कळदां सारखेच असतात. मग त्यांतील भेद ओळखावयाचा कसा? या प्रश्नाचें जें उत्तर मला सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

उत्तराची वाट मला फार दूरच्या एका ठिकाणीं दिसली, म्हणून आरंभ तेथूनच करतों. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत बाथ नांवाचें शहर आहे. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या परिसरांत जशीं ऊन पाण्याचीं कुंडें आणि देवस्थान जवळजवळ आहेत, तसाच प्रकार तेथेंहि होता. तेथील झऱ्यांतून दररोज दहा लाख लिटरांहून अधिक ऊन पाणी बाहेर पडतें. रोमन लोकांनीं ब्रिटन जिंकल्यावर इसवी सनाच्या पहिल्या शतकांत त्या झऱ्यापाशीं मंदिर बांधलें. सुलिस ही तेथील मूळची स्थानिक देवी आणि मिनर्व्हा ही रोमनांची. दोघी एकच मानून सुलिस मिनर्व्हा या जोडनांवानें तिची पूजा होऊं लागली. १९७९-८० सालीं बॅरी कनलिफ या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखालीं त्या झऱ्याचें उत्खनन झालें. तेव्हां गाळांतून नाण्यांबरोबर शिशाचे व कथलाचे लहान लहान पातळ पत्रे निघाले. असे सुमारें १३० पत्रे आज ठाऊक आहेत. ते दुसऱ्या ते चौथ्या शतकांतले आहेत. टोकदार लेखणीनें त्यांवर मजकूर कोरावयाचा, पत्र्याची गुंडाळी किंवा घडी करावयाची आणि ती देवीच्या पाण्यांत सोडावयाची, अशी ती रीत होती. रॉजर टॉमलिन या विद्वानानें फार परिश्रमानें हे लेख वाचून १९८८ सालीं प्रसिद्ध केले.

या पत्र्यांवर काय असावें, असें आपणांस वाटतें? राजकारण नाहीं, युद्ध नाहीं. बहुतेक सर्व मजकूर चोरीविषयीं आहे, आणि चोरीहि कसली, तर अंगरख्याची, पांघरुणाची, भांड्याची. अ‍ॅनियानस नांवाच्या एका माणसाच्या पिशवींतून सकाळच्या वेळीं सहा चांदीचीं नाणीं गेलीं. नेणारा पुरुष असो कीं स्त्री, दास असो कीं स्वतंत्र, ख्रिस्ती असो कीं नसो, त्याच्याकडून तीं देवीनें वसूल करावीं, असें तो मागतो. डॉसिमिडिस नांवाच्या दुसऱ्या एकाचे दोन हातमोजे गेले. ज्यानें ते नेले, त्याचें डोकें फिरावें आणि डोळे जावे, अशी त्याची मागणी आहे. दोन हातमोजांसाठीं दोन डोळे! आज आपणांस हंसूं येतें. पण ज्याच्यापाशीं थंडींत घालावयास दुसरी जोडी नाहीं आणि ज्याला चोर धरून देणारा शिपाई नाहीं, त्याला तो हिशेब विपरीत वाटला नसेल. गेलेली वस्तु लहान असली, तरी झालेला अपमान लहान नसतो.

आतां तिसरा एक पत्रा पाहा. त्यावर सोलिनस नांवाच्या माणसाचें गाऱ्हाणें आहे. त्याचा स्नानाच्या वेळचा अंगरखा आणि पांघरुण कोणीं तरी नेलें. तोहि चिडलेला आहे. चोराला झोंप लागूं नये, त्याची प्रकृति ठीक राहूं नये, असें तोहि मागतो. परंतु त्यानें त्यापुढें एक अट घातली आहे: चोर स्वतः प्रकट होऊन त्या वस्तु देवीच्या मंदिरांत आणून ठेवील, तोंपर्यंत. अशी अट त्या संग्रहांतील इतर कित्येक पत्र्यांवरहि आहे. डॉसिमिडिसच्या आणि सोलिनसच्या मागणींतला सगळा भेद या एका शब्दांत आहे. “तोंपर्यंत” हा शब्द नसेल, तर ती शिक्षा म्हणजे नुसती शिक्षा. तिला शेवट नाहीं आणि तिच्यांतून वाटहि नाहीं. “तोंपर्यंत” हा शब्द आला, कीं तीच शिक्षा तगादा होते. देवी ही मारेकरी न राहतां वसुलीला पाठविलेली कारभारीण होते, आणि चोरानें वस्तु आणून ठेवली कीं तिचें काम संपतें.

व्हर्सनेल या डच पंडितानें १९९१ सालीं अशा लेखांसंबंधीं एक महत्त्वाचा विचार मांडला. प्रतिस्पर्ध्याला मुकाट्यानें जखडून टाकण्यासाठीं केलेले मंत्रतंत्र वेगळे, आणि अन्याय झालेल्या माणसानें देवतेकडे केलेला अर्ज वेगळा. या दुसऱ्या प्रकाराला त्यानें न्यायासाठीं केलेली प्रार्थना म्हटलें. अशा अर्जांत माणूस पुष्कळदां आपलें नांव लिहितो, काय घडलें तें सांगतो, देवतेशीं विनयानें बोलतो आणि कज्जेदलालीची भाषा वापरतो. जादूटोणा करणारा नांव लपवितो. गाऱ्हाणें करणारा सही करतो. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

एवढें दूर जाऊन आल्यावर माझ्या ध्यानांत आलें, कीं हा “तोंपर्यंत” तर आपल्या घरांतलाच आहे. आपल्या भाषेंत त्याला स्वतंत्र नांवसुद्धां आहे. तें नांव म्हणजे उःशाप. आपल्या पुराणांत शाप पावलोपावलीं भेटतो. पण कथा सांगणाऱ्यांनीं शापाच्या मागोमाग बहुधा उःशापहि ठेविला आहे. अहल्येचा शाप रामदर्शनापर्यंत. अजगर झालेल्या नहुषाचा शाप, युधिष्ठिर त्याच्या प्रश्नांचीं उत्तरें देईपर्यंत. महाभारतांतील शकुंतलेच्या आख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं; कालिदासानें आपल्या नाटकांत तो घातला, आणि घालतांना खुणेची वस्तु दिसतांच तो निवावा, अशी सोयहि करून ठेविली. दुर्वासासारख्या जमदग्नीच्या तोडीच्या कोपिष्ट ऋषीलाहि उःशाप द्यावा लागला, ही गोष्ट कांहीं सामान्य नव्हे.

उःशाप नसला म्हणजे काय होतें, तें गांधारीच्या कथेंत दिसतें. शंभर पुत्र गमावलेल्या त्या मातेनें रणभूमीवर श्रीकृष्णाला शाप दिला, कीं छत्तिसाव्या वर्षीं तुझेंहि कुळ असेंच आपसांत लढून नष्ट होईल. तिच्या दुःखाला कोण नांवें ठेवील? परंतु त्या शापाला “तोंपर्यंत” नव्हतें. तो फळला तेव्हां ज्यांनीं कुरुक्षेत्र पाहिलेंहि नव्हतें, अशीं यादवांचीं पोरेंहि त्यांत गेलीं असतील, आणि गांधारीचा एकहि पुत्र त्यामुळें परत आला नाहीं.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनीं तर शाप दगडावर कोरून ठेविले आहेत. खरें आहे. कोंकणांत व देशावर गद्धेगाळ नांवाचे दगड सांपडतात. वर सूर्यचंद्र, मध्यें दानाचा लेख आणि खालीं एक चित्र, असें त्यांचें स्वरूप असतें. तें चित्र इतकें ग्राम्य आहे, कीं त्याचें वर्णन मी येथें करीत नाहीं. अलिबागजवळील अक्षी येथला शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा लेख, जो मराठींतील अगदीं जुन्या लेखांपैकीं मानतात, तोहि याच जातीचा आहे. पण या दगडांचें काम वेगळें. दिलेलें दान पुढें कोणीं हिरावूं नये, म्हणून घातलेलें तें कुंपण आहे. गुन्हा अजून घडलेला नाहीं. तो घडूं नये, एवढ्यासाठींच ती शिवी आहे. धाक घालणें निराळें आणि घडलेल्या अन्यायाची दाद मागणें निराळें.

दाद मागण्याची आपली रीत पाहावयाची, तर कोंकणांतलें गाऱ्हाणें पाहावें. ग्रामदेवतेपुढें गांवचा मानकरी किंवा गुरव उभा राहतो, “बा देवा म्हाराजा” अशी हांक घालतो, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले लोक “व्हय म्हाराजा” म्हणून साथ देतात. यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, कीं मागणी चारचौघांत, मोठ्यानें करावी लागते. चारचौघांत माणसाच्या तोंडून भलतें मागणें सहसा निघत नाहीं. शेजाऱ्याचें पोर मरावें, असें मनांत म्हणतां येतें. गांवापुढें उभें राहून म्हणतां येत नाहीं.

उत्तरेकडे कुमाऊंत हीच गोष्ट निराळ्या रूपानें दिसते. आल्मोड्याजवळ चितई येथें गोलू देवतेचें मंदिर आहे. गोलू हा न्यायाचा देव. त्याची कथा अशी, कीं तो जन्मतांच सवतींनीं राणीपुढें बाळाच्या जागीं पाटा-वरवंटा ठेवला आणि बाळाला पेटींत घालून नदींत सोडलें. एका कोळ्यानें त्याला वाढविलें. पुढें मोठा झाल्यावर तो लांकडाचा घोडा घेऊन पाणवठ्यावर आला आणि त्याला पाणी पाजूं लागला. राण्या हंसल्या, तेव्हां तो म्हणाला, बाईच्या पोटीं दगड येऊं शकतो, तर लांकडाचा घोडा पाणी कां पिणार नाहीं? ज्याच्या स्वतःवर जन्मतःच अन्याय झाला, त्याच्याकडे लोक न्यायासाठीं जातात, हें किती स्वाभाविक! त्या मंदिरांत असंख्य घंटा टांगलेल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर लेखी अर्ज. कित्येक अर्ज तर कचेरींत चालतात तसे स्टँपाच्या कागदावर. काम झालें, कीं माणूस घंटा वाहतो. घंटा वाहणें ही जणूं भरपाई मिळाल्याची पावतीच होय.

येथवर सर्व ठीक. पण या प्रार्थनेचे दोन धोके आहेत, आणि ते सांगितल्यावांचून हें भाषण पुरें व्हावयाचें नाहीं.

पहिला धोका असा: देवानें निकाल दिला, हें ओळखावयाचें कशावरून? याज्ञवल्क्यस्मृतींत पांच दिव्यें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं कोश या दिव्यांत आरोपीला देवाच्या स्नानाचें तीर्थ पाजीत, आणि चौदा दिवसांत त्याच्यावर राजाकडून किंवा दैवाकडून घोर संकट आलें नाहीं, तर तो निर्दोष ठरे. म्हणजे त्या चौदा दिवसांत ज्याच्या घरावर वीज पडली, तो चोर! प्राचीन लिडियांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागांत, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतले शंभरांहून अधिक कबुलीलेख सांपडले आहेत. अन्याय झालेला माणूस मंदिरांत देवाचा दंड उभारी. मग ज्याच्या घरांत आजार किंवा मृत्यु येई, त्याला आपला अपराध दगडावर कोरून जाहीर करावा लागे. कांहीं लेखांत तर मूळ अपराधी मरून गेला आणि कबुली त्याच्या वारसांनीं दिली, असें दिसतें. आजार कोणाच्या घरीं येत नाहीं? वाट पाहत बसलेल्या माणसाला पुरावा केव्हां ना केव्हां मिळतोच.

या धोक्याचा अनुभव मला स्वतःला आला आहे, म्हणून तो सांगतों. मी शाळामास्तर. नोकरी संपल्यावर हातीं आलेल्या रकमेंतला एक भाग मीं एका जुन्या परिचिताला धंद्यासाठीं दिला. कागद केला नाहीं. ओळखींत कागद कसला मागावयाचा, असें वाटलें. वर्षभरानें त्यानें स्वच्छ कानांवर हात ठेवले. “मास्तर, तुमचा कांहीं तरी गैरसमज झाला आहे,” एवढेंच तो म्हणाला. वकिलानें सांगितलें, कागद नाहीं तर वाट कठीण आहे. तेव्हांपासून रोज संध्याकाळीं देवापुढें निरांजन लावतांना मी म्हणूं लागलों, “देवा, यानें जसें मला होरपळलें, तसा हाहि होरपळूं दे.” हें माझें म्हणणें कोणाला ऐकूं येत नसे, ओंठ मात्र हलत.

कांहीं महिन्यांनीं त्याच्या मुलाला रस्त्यावर अपघात झाला. पाय मोडला, आणि पोरगा कित्येक दिवस खाटेवर पडून होता. ही बातमी घेऊन आली ती आमची मंडळीच. तिच्या मनांत कांहीं नसेल, पण ती म्हणाली, “अहो, देवानें ऐकलें म्हणावयाचें का तुमचें?” मी गप्प झालों. तो मुलगा माझ्या वर्गांत होता. त्याला मींच गणित शिकविलें होतें. भागाकार चुकला कीं तो माझ्याकडे पाहून ओशाळें हंसत असे. त्या संध्याकाळीं निरांजन लावावयास माझा हात धजेना. अपघात माझ्या प्रार्थनेनें झाला, असें मी मानीत नाहीं. रस्त्यावर रोज अपघात होतात आणि त्यांचा माझ्या ओंठांशीं संबंध नाहीं. परंतु बातमी ऐकतांच क्षणभर माझ्या मनांत जें समाधान चमकून गेलें, तें माझें होतें. त्याची जबाबदारी मला दुसऱ्या कोणावर टाकतां येत नाहीं. मीं मागितलें होतें तें हेंच. मीं फक्त “तोंपर्यंत” म्हणावयाचें विसरलों होतों.

दुसरा धोका आळसाचा व अंधश्रद्धेचा. देवावर सोपविलें म्हणून माणसानें आपलें कर्तव्य सोडूं नये. जेथें तक्रार करतां येते, तेथें ती केलीच पाहिजे. जेथें साक्ष देतां येते, तेथें ती दिलीच पाहिजे. शेजारच्या घरांत सुनेला मार बसतो आणि आपण “देव बघतो आहे” म्हणून खिडकी लावून घेतों, ही भक्ति नव्हे, भित्रेपणा आहे. आणि प्रार्थनेची पायरी ओलांडून माणूस करणी, मूठ, चेटूक यांच्या नादीं लागला, तर तो गाऱ्हाणें करणारा राहत नाहीं, स्वतःच अपराधी होतो. या मार्गावर किती निरपराध माणसांचा छळ झाला आहे! नरेंद्र दाभोलकर यांनीं ज्या कायद्यासाठीं अनेक वर्षें खटपट केली, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रांत २०१३ सालीं झाला. त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली होती. नरबळी व अघोरी कृत्यें यांना त्या कायद्यानें शिक्षा सांगितली आहे. साध्या प्रार्थनेस त्यानें हात लावलेला नाहीं.

मग अशी प्रार्थना करूंच नये काय? हा प्रश्न इतरांनाहि पडला आहे. बायबलांतील स्तोत्रसंहितेचें १०९ वें स्तोत्र शत्रूच्या लेंकरांनाहि शाप देतें. १९७० च्या सुमारास रोमन कॅथलिक पंथाच्या दैनिक प्रार्थनाग्रंथाची सुधारणा झाली, तेव्हां ५८, ८३ आणि १०९ हीं तीन स्तोत्रें त्यांतून वगळलीं गेलीं. भक्ताच्या तोंडीं असे शब्द नसावेत, हें म्हणणें मला समजतें. परंतु दुसरी बाजूहि आहे. ज्याचें सर्वस्व गेलें, त्याला आपण “क्षमा कर” असें सांगतों, तेव्हां पुष्कळदां आपणांस त्याचें रडणें ऐकावयाचें नसतें, एवढाच त्याचा अर्थ असतो. देवापुढें तरी त्याला मन मोकळें करूं द्यावें. सूड स्वतःच्या हातांनीं घेण्यापेक्षां तो मागावयास देवाच्या दारीं येणें, हेंसुद्धां एक पाऊल पुढेंच आहे. कारण तेथें आल्याबरोबर निकाल दुसऱ्याच्या हातीं जातो. फिर्यादीनेंच न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व कचेरींत जितकें खरें, तितकेंच देव्हाऱ्यापुढेंहि खरें आहे.

म्हणून माझें सांगणें एवढेंच, कीं गाऱ्हाणें अवश्य करावें. पण करण्यापूर्वीं तें तीन प्रश्नांनीं पारखून घ्यावें. हें मी चारचौघांत मोठ्यानें म्हणूं शकेन काय? मीं मागितलेलें ज्यानें अन्याय केला त्याच्यापुरतें आहे, कीं त्याच्या बायकामुलांवरहि जाणारें आहे? आणि यांत “तोंपर्यंत” आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर होय असेल, तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें बहुधा आपोआप नीट येतात.

माझे पैसे अद्याप आलेले नाहींत. त्या मुलाचा पाय बरा झाला. मी त्याला भेटून आलों, तेव्हां त्याचे वडील आंतल्या खोलींतून बाहेर आले नाहींत. निरांजन मी पुन्हां लावूं लागलों आहें. गाऱ्हाणेंहि सोडलेलें नाहीं, कारण अन्याय झाला तो झालाच. फक्त त्याचे शब्द बदलले आहेत, आणि ते आतां मंडळीला ऐकूं येतील इतक्या मोठ्यानें म्हणतों: “देवा, त्यानें जें केलें, तें त्याच्या मनाला टोंचत राहूं दे. त्याला तें कबूल करण्याची बुद्धि होईल, तोंपर्यंत टोंचूं दे. त्यापुढें एक घटकाहि नको. आणि तो ज्या दिवशीं माझ्या दारीं येईल, त्या दिवशीं उठून दार उघडण्याची बुद्धि मला दे.”